खुर्चीचा फोटो नको, काम करताना बघू द्या

वर्कस्टेशन असेसमेंट, म्हणजे कॉम्प्युटरवर काम करायच्या जागेची तपासणी, म्हटलं की बहुतेक ऑफिसात काय होतं, तर एचआरकडून एक मेल येतो, मेलमध्ये लिंक, लिंकमध्ये वीस-पंचवीस प्रश्न. खुर्ची वर-खाली होते का, हो. पाय जमिनीला टेकतात का, हो. स्क्रीनवर चमक येते का, नाही. सबमिट. पुढच्या वर्षापर्यंत फाईल बंद. आणि ज्याने सगळीकडे हो-हो केलंय तोच माणूस संध्याकाळी मान धरून उठतो, उजवा खांदा चोळत घरी जातो, आणि त्याला वाटतं की हे वयामुळे किंवा आपण व्यायाम करत नाही म्हणून होतंय.

मी हेच काम करते. ऑफिसात जायचं, माणसं कॉम्प्युटरवर कशी काम करतात ते बघायचं, काय दुखतंय आणि कशापायी दुखतंय ते शोधायचं आणि काय बदलायचं ते लिहून द्यायचं. इतक्या वर्षांनी माझं एक मत पक्कं झालंय, की फॉर्मने धोका कळत नाही, बघूनच कळतो. फॉर्म वाईट नाही, तो कुठे बघायचं हे सांगतो, पण फॉर्म भरताना माणूस सरळ बसलेला असतो ना! मागे टेकून, पाय खाली, खांदे सैल, कारण त्या वेळी तो स्वतःकडे लक्ष देत असतो. काम अंगावर आलं, कॉल चालू आहे, दुसऱ्या खिडकीत शीट उघडी आहे, बाजूला कोणी उभं राहून विचारतंय, तेव्हा तो कसा बसतो हा खरा प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर त्याच्याकडेही नसतं कारण तो त्या वेळी स्क्रीनमध्ये असतो.

म्हणून मी मापाची टेप काढायच्या आधी नुसती बाजूला बसते. पंधरा-वीस मिनिटं काही बोलत नाही. पहिली पाच मिनिटं माणूस माझ्यासाठी बसतो, मग विसरतो, आणि मग सगळं दिसायला लागतं. पाठ टेका सोडून पुढे येते, हनुवटी पुढे निघते, खांदे हळूहळू कानाकडे सरकतात, टाचा खुर्चीच्या चाकांच्या दांड्यांवर चढतात.

हातांकडे पण बघते. पुष्कळ लोकांच्या मनगटाच्या जरा वर, हाताच्या खालच्या बाजूला एक लालसर आडवी रेघ उमटलेली असते. टेबलाची कड तिथे दिवसभर रुतते. कड टोकदार असली आणि टेबल कोपरापेक्षा उंच असलं की हाताचा सगळा भार त्या एका रेघेवर येतो, आणि त्याच जागेखालून नसा आणि शिरा बोटांकडे जातात. कोणी तक्रार केलेली नसते, विचारलं तर म्हणतात "हे होय, हे तर नेहमीचंच आहे". माझ्या दृष्टीने ती रेघ म्हणजे असेसमेंटमधली पहिली नोंद. फॉर्ममध्ये असा प्रश्न मी तरी अजून पाहिलेला नाही.

हा विषय काही कॉम्प्युटरबरोबर आलेला नाही बरं का. बर्नार्दिनो रामाझ्झिनी नावाचा इटालियन डॉक्टर होता, वेगवेगळ्या धंद्यांमुळे होणाऱ्या आजारांवर त्याने सविस्तर लिहून ठेवलंय, आणि १७१३ च्या आवृत्तीत त्याने कारकून-लेखनिकांवर लिहिताना तीन कारणं दिली, सतत बसणं, हाताची एकाच दिशेने एकसारखी हालचाल, आणि चूक होऊ नये म्हणून मनावरचा ताण. दौत-टाक गेले, टाइपरायटर आले आणि गेले, कीबोर्ड-माऊस आले, ती तीन कारणं आहेत तिथेच आहेत. मला तर त्यातलं तिसरं कारण सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, कारण त्यावर आजही कोणी रकाना ठेवत नाही, त्याबद्दल पुढे लिहितेच.

आता प्रत्यक्ष काय बघायचं. सुरुवात खुर्चीपासून करतात सगळे, पण मी म्हणते सुरुवात कोपरापासून करा. खांदे सैल सोडून, दंड अंगालगत ठेवून, कोपर साधारण काटकोनात किंवा थोडं जास्त उघडं ठेवलं तर हात जिथे येतो तिथे कीबोर्ड पाहिजे. ऑफिसची फिक्स टेबलं साधारण ७२ ते ७५ सेंटीमीटर उंचीची असतात, आणि बुटक्या बांध्याच्या माणसाचं कोपर, खुर्ची त्याच्या पायांच्या मापाने लावली तर, त्यापेक्षा चांगलं दहा सेंटीमीटर खाली येऊ शकतं. मग तो काय करतो? एक तर खांदे उचलून टाइप करतो, म्हणजे मानेच्या दोन्ही बाजूचे स्नायू दिवसभर ताणलेले. नाहीतर खुर्ची वर घेतो, हात बरोबर येतात पण पाय लोंबकळतात, सीटची पुढची कड मांडीखाली दाबते, पाय जड होतात, मग पायाला आधार शोधत टाचा त्या दांड्यांवर जातात, तसं केलं की माणूस आपोआप पुढे सरकतो, आणि पाठीचा टेका सुटतो. एवढी महागडी खुर्ची, कंबरेचा आधार, सगळं मागे रिकामं! कंबर दुखते म्हणून नवी खुर्ची मागवतात आणि खरी गरज असते पायाखाली एका फूटरेस्टची. ही साखळी मी इतक्या वेळा बघितली आहे की कोणी "कंबर" म्हटलं की माझी नजर आधी पायाकडे जाते.

फूटरेस्ट देता येत असला तर टेबलाखाली जागा आहे का ते पण बघा. तिथे ड्रॉवरचं कपाट, जुना सीपीयू, फायलींचा खोका, बॅग, बूट असं काय काय असतं. गुडघे सरळ जाणार नाहीत म्हणून माणूस पाय एका बाजूला आणि धड स्क्रीनकडे असा पिळून बसतो. खोका हलवला की काम झालं, पैसा नाही लागत, मंजुरी नाही लागत.

सीटची खोली पण बघावी. मागे पूर्ण टेकून बसल्यावर गुडघ्याच्या मागे आणि सीटच्या कडेमध्ये दोन-तीन बोटं जागा राहिली पाहिजे. आणि खुर्चीचे हात! खुर्चीचे हात टेबलाला अडतात म्हणून खुर्ची आत जात नाही, खुर्ची आत जात नाही म्हणून माणूस पुढे वाकतो. हात खाली करता येत असतील तर करा, नसतील तर काढून टाका, बऱ्याच खुर्च्यांचे स्क्रूने निघतात.

माऊसबद्दल मात्र थोडं थांबून लिहिते कारण उजवा खांदा दुखणाऱ्यांत माऊसचा हात फार मोठा असतो. फुल कीबोर्ड बघा, उजवीकडे आकड्यांची पट्टी असते, आणि माऊस त्या पट्टीच्याही पलीकडे. टाइप करणारा माणूस अक्षरांचा भाग स्क्रीनच्या मध्यावर आणतो, म्हणजे माऊस अजूनच लांब जातो. हात अंगापासून दूर, कोपर अधांतरी, आणि असं तासन् तास. त्यात पुढे पाण्याची बाटली, वही, फोन ठेवलेला असला तर माऊस अजून मागे जातो. जो दिवसभर आकडे टाकतो त्याला ती पट्टी लागतेच, त्याला डाव्या हाताने माऊस वापरून बघायला सांगता येतं, पहिले काही दिवस वैताग येतो पण जमतं. ज्याला आकडे लागतच नाहीत त्याला बिनपट्टीचा छोटा कीबोर्ड दिला की माऊस जवळ येतो, कोपर अंगालगत येतं आणि खांदा मोकळा होतो. मी सुचवलेल्या बदलांमध्ये इतक्या कमी खर्चात इतका आराम दुसऱ्या कशाने मिळाल्याचं मला आठवत नाही.

कीबोर्डचे मागचे छोटे पाय उभे करायची पण सवय असते लोकांना, त्याने मनगट वरच्या बाजूला वाकतं. पाय आडवे पाडा, कीबोर्ड सपाट ठेवा, मनगट सरळ राहील.

स्क्रीनचं म्हणाल तर हात लांब केला की बोटं टेकतील साधारण इतकी लांब, ५० ते ७५ सेंटीमीटर, आणि वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा जराशी खाली. हे सगळ्यांना पाठ असतं. पण याला एक मोठा अपवाद आहे आणि तो चाळिशीनंतर जवळजवळ सगळ्यांना लागू होऊ शकतो, प्रोग्रेसिव्ह किंवा बायफोकल चष्मा. त्यात जवळचं वाचायचा भाग काचेच्या खालच्या बाजूला असतो, त्यामुळे नियमाप्रमाणे उंच लावलेली स्क्रीन वाचायला माणूस हनुवटी वर करतो, डोकं मागे टाकतो आणि दिवसभर तसाच राहतो. एका असेसमेंटमध्ये स्क्रीन अगदी चार्टप्रमाणे बरोबर उंचीवर होती, स्टँडवर चढवलेली, आणि त्या काकांची मान त्या स्टँडनंतरच दुखायला लागलेली. "मॅडम, सेफ्टीवाल्यांनीच लावून दिलीय, मी कसं काढू?" स्टँड काढला, स्क्रीन खाली आणली, थोडी मागे कलती केली, आणि डोळ्यांच्या डॉक्टरांना स्क्रीनचं अंतर मोजून सांगा, फक्त कॉम्प्युटरसाठी वेगळा चष्मा होतो का विचारा, असं लिहून दिलं. म्हणजे बघा, चार्ट बरोबर आणि माणूस दुखावलेला. स्क्रीन माणसाला लावायची असते.

दोन स्क्रीन असतील तर आधी विचारा की जास्त वेळ कुठली बघता. एक जास्त वापरात असेल तर ती बरोबर समोर आणि दुसरी बाजूला, दोन्ही सारख्या असतील तर दोघींची सांध नाकासमोर. मी बघते ते बहुतेकदा उलटंच, लॅपटॉप समोर उघडा आणि मोठी स्क्रीन, जिच्यावर सगळं काम चालतं ती, डावीकडे कोपऱ्यात. मान दिवसभर एकीकडे वळलेली.

आणि लॅपटॉप. लॅपटॉपची अडचण अशी की स्क्रीन आणि कीबोर्ड एकमेकांना जोडलेले आहेत, एक बरोबर केलं की दुसरं चुकतं, यावर बसण्याच्या पद्धतीत काही उपाय नाही. प्रवासात, मीटिंगमध्ये ठीक आहे, पण रोज तासन् तास काम लॅपटॉपवर असेल तर वेगळा कीबोर्ड, वेगळा माऊस आणि लॅपटॉप वर चढवायला काहीतरी, हे तीन पाहिजेतच. फक्त स्टँड देऊन कीबोर्ड न देणं हे तर आधीपेक्षा वाईट, हात खांद्याच्या उंचीवर जातात. घरून काम करणाऱ्यांचं असेसमेंट करायचंच नाही असं ठरवून टाकलेलं असतं खूप ठिकाणी, आणि तिथेच माणसं पलंगावर, सोफ्यावर बसून दिवस काढतायत. कमीत कमी एक व्हिडिओ कॉल करा, कॅमेरा बाजूने ठेवायला सांगा, समोरून काही कळत नाही.

डोळ्यांचं. स्क्रीन बघताना पापण्या कमी लवतात, एरवी मिनिटाला साधारण १५ ते २० वेळा लवतात त्या निम्म्याहूनही खाली येऊ शकतात, म्हणून चुरचुर, कोरडेपणा. त्यात एसीचा झोत थेट तोंडावर येत असेल तर विचारूच नका, खुर्चीत बसून गालाला वारा लागतो का एवढं बघितलं तरी पुरे. दर वीस मिनिटांनी वीस फुटांवर वीस सेकंद बघायचं ही सवय चांगली आहे, वीस फूट म्हणजे साधारण सहा मीटर. चमक तपासायला स्क्रीन बंद करा आणि नेहमीच्या जागी बसा, काळ्या काचेत खिडकी किंवा ट्यूबलाइट दिसली की चमक कुठून येते ते कळलं. खिडकी समोर नको, पाठीमागे नको, बाजूला हवी. ऑफिसमध्ये वाचन-टायपिंगच्या जागी ५०० लक्स (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) उजेड असावा असं युरोपियन मानक सांगतं, पण नुसत्या स्क्रीनवरच काम असेल तर पुष्कळांना थोडा कमी उजेड बरा वाटतो, त्यामुळे मीटरचा आकडा बघून तिथेच थांबू नका, बसणाऱ्याला विचारा.

वायर, प्लग, हे पटकन. एक्स्टेन्शन बोर्डमध्ये दुसरा एक्स्टेन्शन बोर्ड लावलेला नको, चालायच्या वाटेत केबल नको, प्लग गरम लागत असेल तर ताबडतोब बंद. उंच फाइल कॅबिनेटचे वरचे ड्रॉवर जड आणि खालचे रिकामे असतील तर वरचा पूर्ण ओढल्यावर कपाट अंगावर येऊ शकतं. बाहेर पडायच्या वाटेवर खोके रचलेले असतील तर लगेच हलवायला लावा. हे दिसतं म्हणून लोक दुरुस्त करतात, मान-खांद्याचं दिसत नाही म्हणून राहतं.

आता ते तिसरं कारण, मनावरचा ताण, माणसाला जागेवरून उठू न देणारा. धोका काढताना ताठरलेली स्थिती, जोर, पुनरावृत्ती हे सगळं बघतातच, पण त्याला वेळेने गुणायचं असतं. वाकडं बसून दहा मिनिटं काम केल्याने काही होत नाही, चांगलं बसून चार तास न हलल्याने होतं. आणि माणूस उठत का नाही हे खुर्चीत सापडत नाही, कामाच्या आखणीत सापडतं. कॉलला जोडून कॉल, मिनिटामिनिटाची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर, जागेवर नसलं की नाव लाल होणं, पाण्याला गेलं तरी विचारणा. अशा ठिकाणी "दर तासाला उठा" असं पोस्टर लावून काय उपयोग? मी तिथे शिफारस टीम लीडच्या नावाने लिहिते, कर्मचाऱ्याच्या नावाने नाही. छोटे आणि वरचेवर घेतलेले ब्रेक मोठ्या आणि क्वचित घेतलेल्या ब्रेकपेक्षा बरे, ब्रिटनच्या कामाच्या ठिकाणची सुरक्षा बघणाऱ्या खात्याचाही सल्ला हाच आहे, दोन तासांनी वीस मिनिटांपेक्षा दर तासाला पाच-दहा मिनिटं. आणि ब्रेक म्हणजे सुट्टीच असं नाही, उभं राहून फोन घेणं, प्रिंटरपर्यंत जाणं, स्क्रीन सोडून वेगळं काम करणं हेही चालतं.

कायद्याचं म्हणाल तर युरोपात १९९० मध्ये स्क्रीनवर काम करणाऱ्यांसाठी वेगळं डायरेक्टिव्ह, म्हणजे सगळ्या सदस्य देशांना लागू असलेला आदेश, आलं, ब्रिटनने त्यावरून १९९२ मध्ये नियम केले, त्यात वर्कस्टेशनचं विश्लेषण, कामात खंड, मागितल्यास डोळे तपासणी हे मालकावर टाकलंय. तपासायच्या पद्धतीही आहेत, रुला १९९३ मध्ये आली ती शरीराच्या वरच्या भागासाठी, रोसा २०१२ मध्ये आली ती खास ऑफिससाठी, खुर्ची, स्क्रीन, फोन, कीबोर्ड, माऊस यांचे गुण काढून शेवटी एक आकडा येतो, पाच किंवा वर गेला की लगेच लक्ष घाला. मी रोसा वापरते, आवडते मला, कारण ती प्रत्येक गोष्टीला किती वेळ लागतो तेही विचारते. पण गुण लावायच्या आधी बघणं झालेलं पाहिजे, आणि बोलणं झालेलं पाहिजे.

बोलणं कसं करायचं हे फार महत्त्वाचं आहे. "काही त्रास आहे का?" विचारलं की उत्तर येतं "नाही". मॅनेजर शेजारी उभा असेल तर शंभर टक्के "नाही". मॅनेजरला प्रेमाने लांब पाठवा आणि असं विचारा की संध्याकाळी कुठे हात जातो, चोळावंसं काय वाटतं, रात्री हातात मुंग्या येऊन जाग येते का. या शेवटच्या प्रश्नाला हो आलं, म्हणजे अंगठा, तर्जनी, मधलं बोट बधीर होतंय, हात झटकला की बरं वाटतं असं कोणी म्हणालं, तर माझं काम तिथे थांबतं आणि डॉक्टरांचं सुरू होतं, मनगटातल्या नसेवर दाब असू शकतो आणि ते लांबवायचं नसतं. पकड कमी होणं, वस्तू हातातून निसटणं, हाताकडे किंवा पायाकडे उतरणारी कळ, हेही तसंच. खुर्ची बदलून बघू, महिनाभर थांबू, असं कृपा करून सांगू नका कोणाला.

गरोदर बाई असेल तर एकदा केलेलं असेसमेंट पुरत नाही, पोट पुढे येतं तसं टेबल लांब जातं, परत परत बघावं लागतं. ज्याची जागा रोज बदलते, आज इथे उद्या तिथे, त्याच्या बाबतीत जागा तपासून उपयोग नाही, त्याला स्वतःची सेटिंग दोन मिनिटांत करायला शिकवायचं, आणि खुर्चीच्या कुठल्या खटक्याने काय होतं हे प्रत्यक्ष हात लावून दाखवायचं. वर्षानुवर्षं त्याच खुर्चीवर बसणाऱ्यांना खालचा तिसरा खटका कशाचा हे माहीत नसतं, यात त्यांची चूक नाही, कोणी दाखवलेलंच नसतं.

रिपोर्ट छोटा करा. काय दिसलं, कोणाला त्रास होऊ शकतो, काय करायचं, कोण करणार, कधीपर्यंत. जे तिथल्या तिथे होतं ते रिपोर्टमध्ये घालून वाट बघू नका, मी बघता बघता खोका हलवते, स्क्रीन वळवते, कीबोर्डचे पाय पाडते आणि मग "झालं" असं लिहिते. आणि दोन-तीन आठवड्यांनी परत जा. बदललेलं टिकलंय का, फूटरेस्ट वापरात आहे की कोपऱ्यात गेलाय, नवीन जागी काही दुसरंच दुखायला लागलंय का, हे दुसऱ्या फेरीतच कळतं, आणि बजेटमध्ये नेमकी हीच दुसरी फेरी पहिली कापली जाते. मला याचं खरंच वाईट वाटतं.

तर तुमच्याकडे तो लिंकवाला मेल आला तर भरा, पण भरताना घाई करू नका, कामाच्या ऐन गर्दीत शेजारच्याला तुमचा बाजूने एक फोटो काढायला सांगा, तुम्हाला न कळवता, आणि तो बघून मग उत्तरं द्या. शेवटी "इतर काही" असा एक रिकामा रकाना असतो, तिथे जे दुखतंय ते स्पष्ट लिहा, कधीपासून, कुठलं काम करताना, दिवसाच्या कुठल्या वेळी. तो रकाना भरलेला असला की माझ्यासारखीला थेट तुमच्या टेबलापाशी येता येतं.